गाडी तापते कधी?

नवा रेडिएटर टाकूनही गाडी तापतेच, ही तक्रार घेऊन येणारा मालक चिडलेला नसतो, खचलेला असतो. जुन्या ट्रकवर पोट असलेल्या माणसाला रेडिएटर हा एका हंगामाच्या कमाईत सहज मावणारा खर्च नाही. त्याने तो केलेला असतो, कारण गाडी तापली की पाणी उसळतं रेडिएटरमधून आणि वाफही तिथूनच निघते. जे डोळ्यांना दिसतं त्याच्यावर आळ येतो. पण रेडिएटर उष्णता तयार करत नाही. त्याच्यापर्यंत आलेली उष्णता तो हवेच्या हवाली करतो, एवढंच त्याचं काम.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो आणि जवळपास तेवढाच धुराबरोबर निघून जातो. उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी ढकलतो, ते ब्लॉक आणि हेडमधून फिरून थर्मोस्टॅटपाशी येतं, तिथून वरच्या होसने रेडिएटरच्या जाळीत उतरतं, पंख्याच्या हवेने निवतं आणि खालच्या होसने परत पंपाकडे जातं. या फेऱ्यात कुठेही खोळंबा झाला तरी काटा लालच दाखवणार. म्हणून गाडी दारात आली की मी पाना उचलत नाही. ड्रायव्हरला विचारतो, "तापते कधी?"

या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धं काम होतं. सपाट रस्त्यावर, वेगात, भरल्या गाडीला तापत असेल, तर वारा समोरून आपोआप मिळतोय, म्हणजे संशय पाण्याच्या वाहण्यावर. पंपाची पाती झिजली असतील, जाळी आतून चोंदली असेल, किंवा खालचा होस पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. या होसच्या आत एक स्प्रिंग असते, ती गंजून गेली की उभ्या गाडीत होस ठणठणीत दिसतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की पोट आत घेतो. घाटात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तापत असेल, तर वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर, म्हणून आधी हवेची बाजू बघायची. आणि इंजिन थंड असताना सुरू केल्या केल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले, पाणी बाहेर फेकलं जाऊ लागलं, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केटकडे वळायचं. कधी तापते ते ड्रायव्हरच सांगू शकतो. मालकाला ते ठाऊक नसतं, म्हणून मालक एकटा आला तर मी ड्रायव्हरला बोलावून घेतो.

मला आठवते ती टाटाची १२१० एसई, सहा सिलिंडरच्या ६९७ इंजिनाची. टाटांच्याच टेल्को कंपनीने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, १९६९ला तो करार संपला, पण इंजिनातली पाण्याची वाट पुढेही त्याच घराण्याची राहिली. ही इंजिनं सहजासहजी तापणारी नव्हेत. ती गाडी हंगामात कराडच्या बाजूला ऊस ओढायची आणि इतर वेळी चिपळूणकडून जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली घाट चढायची. रेडिएटर दुसऱ्या एका गॅरेजात नवा बसवला होता. ड्रायव्हर वयाने मोठे, मी त्यांना तात्या म्हणायचो. ते म्हणाले, "मिस्त्री, पोफळीपर्यंत काटा हलत नाही. घाट लागला की दहा मिनिटांत लाल."

उभ्या गाडीवर ही तपासणी होत नाही. भरल्या गाडीत बसून मी घाटात गेलो. काटा चढल्यावर रुंद जागी थांबून, इंजिन चालू ठेवून दोन्ही होसचं तापमान घेतलं. (टेंपरेचर गन चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं बोलते, म्हणून मोजायचं ते काळ्या रबरावर.) वरचा होस आणि खालचा होस यांच्यात जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक. पाणी अडलं असतं तर खालचा होस पुष्कळ थंड लागला असता. इथे पाणी धावत होतं, पण जाळीतून तापलेलंच परत येत होतं. मग वर्तमानपत्राचं एक पान जाळीच्या पुढच्या अंगाला लावून बघितलं. पंखा नीट ओढत असेल तर पान सगळीकडे चिकटून राहतं. इथे मधल्या गोलापुरतं चिकटलं आणि चारही कोपरे लोंबले.

पंख्याभोवतीचं काऊल नव्हतं. नव्या रेडिएटरच्या बोल्टची भोकं त्याला जुळली नाहीत, म्हणून काढून ठेवलं ते राहूनच गेलं. लोकांना तो एक फालतू पत्रा वाटतो. पण काऊल नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या वर्तुळातून हवा ओढतो, कोपऱ्यातली जाळी बसून राहते, आणि कडेने इंजिनाकडची गरम हवाच पुन्हा पंख्यात शिरते. सपाटीवर वारा हे झाकून टाकतो, घाटात ते उघडं पडतं.

एवढ्यावर भागलं नाही. थर्मोस्टॅटही काढून टाकलेला होता. "तापते ना, मग काढून टाका" हा सल्ला या धंद्यात इतका रुळला आहे की त्याविरुद्ध बोलताना मला आजही आवाज चढवावा लागतो. या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी पाण्याला परत पंपाकडे नेणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटर न बघताच फिरत राहतो. शिवाय रात्रीच्या गारव्यात इंजिन धड तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, लायनर आणि रिंगा झिजतात. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यासोबत तापवून बघा. त्याच्यावर छापलेल्या अंशापाशी तो उघडू लागला तर तो निर्दोष आहे.

नवा थर्मोस्टॅट घातला, काऊलला नव्या पट्ट्या जोडून ते बसवलं, जाळीच्या पुढे अडकलेलं उसाचं पाचट झाडून काढलं. पाणी भरताना घाई केली नाही. रेडिएटर रिकामा केला की हेडमध्ये हवा कोंडते. झाकण उघडं ठेवून हळूहळू भरायचं, इंजिन स्लोवर चालवायचं, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरायचं. बोअरचं पाणी मात्र नको. आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर ब्लॉकच्या आत बसतो आणि बिडातली उष्णता पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. मग रेडिएटर कितीही नवा असो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट हाच खर्च मी मालकाच्या गळी उतरवतो.

राहता राहिलं झाकण. ते काम करतं कुकरच्या शिट्टीसारखं, आत दाब धरतं. अर्धा बार दाब धरला तर पाणी १००ऐवजी १११ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही आणि चांगलं इंजिनही पाणी फेकू लागतं. पण म्हणून जास्त दाबाचं झाकण जुन्या गाडीला लावू नका, होस फाटतील. आणि तापलेल्या गाडीचं झाकण, फडकं धरूनसुद्धा, उघडू नका. भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. इंजिन बंद करा, वरचा होस हाताला सोसेल इतका निवू द्या, मगच हात लावा.

तात्यांची गाडी त्यानंतर चिरे भरून कुंभार्ली चढली तेव्हा काटा मधल्या खुणेच्या जरा वर जाऊन थांबला. रेडिएटर तोच होता. तुम्ही रेडिएटर बदलून घेणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडून बघा. काऊल जागेवर आहे का, थर्मोस्टॅट आत आहे का, जुनं झाकण तसंच तर लावलेलं नाही ना, हे स्वतः विचारा, आणि काढलेला प्रत्येक भाग परत बसल्याशिवाय पैसे देऊ नका.