पोटावरच्या नळीचे दावे

खर्ऱ्यापायी तोंडाचा कर्करोग झालेली माणसे आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात पुष्कळ. माझे साडूभाऊ त्यांतलेच. चामोर्शी तालुक्यातले धानाचे शेतकरी. शस्त्रक्रियेनंतर घास गिळवेना, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाच्या कातडीतून थेट जठरात नळी बसवली. पोट न फाडता, दुर्बिणीच्या मदतीने नळी बसवण्याची ही रीत अमेरिकेत गॉडरर आणि पोन्स्की या डॉक्टरांनी १९७९ साली प्रथम वापरली. करंगळीहून बारीक अशा त्या नळीवर आज साडूभाऊंचा जीव आहे.

नळी बसवणे डॉक्टरांचे काम, पण ती जागेवर राखणे घरच्यांचे. एका रात्री नळीचे टोक बाजेच्या सुंभात अडकून हिसका बसला. नळी निघाली नाही, पण रक्त आले. घाबरून घरच्यांनी बाहेरची चकती कातडीवर घट्ट दाबून बसवली. काही दिवसांत खालची कातडी चिघळली.

आंब्याच्या कलमाला काठी कशी बांधतो? सुतळीचा सैल वेढा देऊन. आवळली तर साल कापते, मोकळे सोडले तर वाऱ्याने मुळे हलतात. नळीचेही तसेच. चकती फार आवळली तर आतली गुंडी जठराच्या भिंतीत रुतते. फार सैल राहिली तर नळी आतबाहेर होते, छिद्र रुंदावते, रस पाझरतो. कातडी आणि चकती यांत थोडी फट हवीच. ती किती, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे आणि कातडीशी नळीवरचा कोणता आकडा येतो तो रोज पाहावा.

डॉक्टरांना विचारून मेव्हणीने जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा शिवला. त्याला एका बाजूस खिसा. नळीचे मोकळे टोक त्यात राहते. छिद्रावर पट्ट्याचा दाब नाही, जागा रोज धुता येते. गाठ ओढताच सुटणारी. हिसका बसलाच तर आधी पट्टा सुटावा, नळी नव्हे. टाचणी अजिबात नको. नळीला भोक पडते.

एवढे करूनही नळी निघालीच, तर घरी परत खुपसू नये आणि तिच्यातून काही देऊ नये. छिद्र काही तासांत आकसू लागते. स्वच्छ फडके ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

शहरात यासाठी तयार पट्टे मिळतात. ते आखणाऱ्यांनी आमचा घाम, आमची बाज आणि दवाखान्याचे अंतरही हिशेबात धरावे.