तोळ्याचे 180 ग्रेन

एस्किल्स्टूना, स्वीडन
मार्चअखेर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. गुजरीतल्या तुझ्या सराफी दुकानाची नवी मांडणी, काट्याशेजारी अजून जपून ठेवलेली ती आजोबांची गुंजांची डबी, सगळं वाचून खूप बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, "तिकडच्या थंडीत संध्याकाळभर करतोस तरी काय?" त्याचं उत्तर जरा लांबणार आहे. सवड काढून वाच.

मी काडतुसं भरतो. माझ्याकडे 1908 सालची एक स्वीडिश लष्करी रायफल आहे, तिच्यासाठी. ती याच गावात, कार्ल गुस्ताफच्या शस्त्रशाळेत बनली. मी रोज सायकलवरून कामावर जातो त्या नदीकाठापासून ती जागा फार लांब नाही. गाव लोहारांचं. 1658 च्या आसपास बांधलेल्या राडेमाखरच्या लोहारशाळा अजून उभ्या आहेत, लोक येऊन बघतात. अशा गावात राहून एकदा तरी पोलाद हातात घ्यावंसं वाटणारच. क्लबाची मेंबरशिप, परीक्षा, पोलिसांचा परवाना हे सगळं यथासांग झालं आणि ही रायफल, 'एम-96', घरी आली. तिच्या बोल्टवर, नळीवर, दस्त्यावर सगळीकडे एकच नंबर आहे. शंभराहून अधिक वर्षांत तिचा एकही मुख्य भाग बदललेला नाही.

या बंदुकीचं काडतूस तिच्याहून थोडं थोरलं. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाच्या छत्राखाली होते. दोघांनी मिळून समिती नेमली आणि 1894 साली एकच काडतूस दोन्ही सैन्यांसाठी ठरवलं : नळीचं कॅलिबर साडेसहा मिलिमीटर, पुंगळीची लांबी पंचावन्न. बंदुका मात्र ज्याच्या त्याच्या. स्वीडनने जर्मनीची माउझर घेतली (माझी एम-96 त्यातलीच), नॉर्वेने आपली क्राग-यॉर्गेन्सेन. 1905 साली दोन देशांची फारकत झाली, पण काडतूस दोघांनीही सोडलं नाही. आजही इथले शिकारी त्याच मापाच्या काडतुसाने एल्क मारतात.

त्याच 1894 साली आल्फ्रेड नोबेल यांनी कार्लस्कूगातली बोफोर्स कंपनी घेतली. बोफोर्स म्हटलं की तुला कारगिलची तोफ आठवेल. इथल्या जुन्या नेमबाजांना आठवते ती त्याच कंपनीची रायफलीत भरायची दारू, मंद आणि सारखी जळणारी. 'नॉर्मा' नावाची कंपनी 1902 मध्ये नॉर्वेच्या सीमेजवळ ओमोत्फोर्शला निघाली, तीही आधी नेमबाजांसाठी गोळ्या बनवायला. या देशात निशाणबाजी ही गावोगावची चळवळ होती. शेतकरी, शिक्षक, पोस्टमन रविवारी रेंजवर जमायचे आणि हातात हीच लष्करी बंदूक असायची. म्हणूनच यांतल्या पुष्कळ बंदुकांच्या नळ्या झिजल्या त्या कागदाच्या टार्गेटवर गोळ्या झाडून. स्वीडन 1814 नंतर कुठल्याच युद्धात उतरलेला नाही. 1939-40 च्या हिवाळ्यात हजारो एम-96 फिनलंडला मदत म्हणून गेल्या, त्यांची गोष्ट वेगळी. माझी कुठे गेली होती ते ठाऊक नाही.

आता तुझ्या धंद्याकडे येतो.

काडतूस भरणारे लोक सगळं 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तो बरोबर 180 ग्रेनचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. एक गुंज दोन ग्रेनला जराशी कमी भरते. माझी गोळी 139 ग्रेनची, पाऊण तोळ्याहून किंचित जड, चौऱ्याहत्तर गुंजा. आणि दारू मी ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेचा अठरावा-एकोणिसावा हिस्सा. पहिल्यांदा तोलताना मला तुझे आजोबा आठवले. काटा स्थिर होईपर्यंत ते बोलायचे नाहीत, दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत. माझ्या टेबलाशी आता तोच नियम आहे. दारू तोलताना रेडिओ बंद, फोन बाहेरच्या खोलीत.

एनसीसीच्या कॅम्पात आपण पॉइंट टू-टू झाडायचो, आठवतं? पाच गोळ्या, मग सुभेदारसाहेब ग्रुप मोजायचे. गोळ्या कुठे लागल्या यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या हे महत्त्वाचं, हे त्यांनीच शिकवलं. ते काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण ठिणगीचा मसाला त्याच्या कडेतच भरलेला असतो. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तो प्रकार पॉइंट टू-टूचाच. त्या खेळातले लोक कारखान्याचे निरनिराळे लॉट आपल्या बंदुकीतून झाडून पाहतात आणि जुळेल तो लॉट साठवतात. माझ्या बंदुकीच्या काडतुसात प्रायमर बुडाशी मधोमध वेगळा बसतो, काढून नवा घालता येतो. त्यामुळे मला लॉट शोधावा लागत नाही, मीच माझा लॉट बनवतो. इथे याला 'हेमलाडनिंग' म्हणतात, घरचं भरण.

जुन्या लष्करी पुंगळ्या मात्र भरायला निरुपयोगी. त्यांच्या बुडाला ठिणगीची भोकं दोन, त्यामुळे प्रायमर सुईने ढकलून काढता येत नाही. बाजारातल्या नव्या पुंगळ्यांना मधोमध एकच भोक असतं, त्याच घ्याव्या लागतात. त्यातही एक खोच आहे. स्वीडिश काडतुसाचं बूड इतर माउझर काडतुसांपेक्षा केसभर रुंद असतं. पहिल्या वर्षी मी स्वस्तातल्या पुंगळ्या मागवल्या. त्या अरुंद बुडाच्या निघाल्या. एकदा झाडल्यावर बुडाच्या जरा वर सगळ्यांना फुगवटा आला, बोटाने चाचपला की कळायचा. शंभरच्या शंभर भंगारात घातल्या. चूक माझी होती. मापकाने आधी मोजायला हवं होतं.

पुंगळी झाडली की फुगून त्या बंदुकीच्या चेंबरचा आकार घेते. हा आकार मोडायचा नाही. मी फक्त तिची मान डायमध्ये घालून आवळतो, म्हणजे गोळी धरली जाईल. खांद्याला हात लावायचा तो बोल्ट जड लागायला लागल्यावरच. पण मान दर वेळी फुगते, आवळली जाते, आणि पितळ कडक होतं. हे तुला मी सांगायची गरज नाही. सोनं ठोकून ठोकून कडक झालं की तू ताव देतोस, तसाच मी मानेला ताव देतो. फरक एवढाच की बूड पाण्यात बुडवून ठेवायचं आणि ज्योत फक्त मानेवर फिरवायची. बूड मऊ पडलं तर दाब पेलायचा नाही, आणि तो दाब माझ्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. चार-पाच भरणांनंतर ताव दिला नाही तर मानेला चीर जाते. त्याआधीच गोळ्या फाकायला लागतात, कारण एक मान घट्ट धरते आणि दुसरी सैल.

ग्रुप उघडायचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. लोक दारू बदलतात, गोळी बदलतात, नेमाला दोष देतात. मान कोणी बघत नाही.

गोळीचीही एक कथा आहे. मुळात या काडतुसात गोल तोंडाची, लांबलचक, 156 ग्रेनची गोळी होती. तिच्यासाठी चेंबरच्या पुढे, गोळीला फिरकी देणारे आटे सुरू होण्याआधी, बरीच मोकळी जागा सोडली. आटेही जोरकस पिळाचे, वीस सेंटिमीटरमध्ये एक पूर्ण फेरा. 1941 मध्ये टोकदार, मागे निमुळती, 139 ग्रेनची गोळी आली. सेकंदाला सुमारे 725 मीटरचा वेग जवळपास 800 वर गेला. पण बंदुका जुन्याच. मग माझ्या बंदुकीसारख्या अनेकींच्या दस्त्यावर पितळेची चकती ठोकली गेली. तिच्यात तीन घरं : नळीचा व्यास किती, आत गंज किंवा झीज किती, आणि नव्या गोळीने नेम किती सरकतो. सैन्याने प्रत्येक बंदुकीची कुंडली तिच्याच अंगावर कोरून ठेवली! कित्येक दशकांनी माझ्यासारख्या परक्याच्या हाती ती बंदूक आली आणि मला सगळं वाचता आलं. ही चकती पाहिली की मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

हलकी, आखूड गोळी या नळीत घालू नये. ती पुंगळीतून सुटून आट्यांपर्यंत पोचेस्तोवर अधांतरी धावते आणि वाकडी शिरते. 140 च्या आसपासची लांब गोळी, पूर्ण काडतूस ऐंशी मिलिमीटरच्या आत, आणि मंद जळणारी दारू, एवढं जमलं की बंदूक खूश. भरणाची सुरुवात नेहमी छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून करायची. मग थोडं थोडं वाढवत पाच-पाच काडतुसांची पाकिटं करायची. कमाल आकड्याच्या जवळही जायचं नाही. या माउझरच्या बोल्टला पुढे कुलपासारखे अडकणारे दोनच कान आहेत, नंतरच्या 98 मॉडेलला दिलेला तिसरा राखीव कान हिला नाही, आणि फुटक्या पुंगळीचा वायू नेमबाजाच्या तोंडापासून वळवायची सोयही तिच्याएवढी नाही. नॉर्वेची क्राग तर एका मुख्य कानावर तोलते. म्हणून अमेरिकी तक्ते या काडतुसाचा दाब मुद्दाम कमी धरतात. काहींना ते भित्रेपणाचं वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं. म्हाताऱ्या बंदुकीकडे वेग मागायचा नसतो, सारखेपणा मागायचा असतो, आणि तो ती भरभरून देते.

क्लबात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा आहेत, लष्करी सेवा याच बंदुकीवर केलेले. त्यांनी मला एक जुनं सरावाचं काडतूस दिलं. गोळी लाकडाची, लाल रंगवलेली. नळीच्या तोंडाशी जोड बसवायचा, त्यात लाकडाचा भुसा व्हायचा. ते माझ्या टेबलावर उभं असतं. आजोबांनीच माशीचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या काट्याचं, गूढ सोडवलं. या बंदुकीच्या मागच्या पट्टीवर सर्वांत कमी अंतर 300 मीटर आहे, त्यामुळे शंभरावर गोळी बरीच वर लागते. मी खाली नेम धरत बसलो होतो. ते म्हणाले, माशी बदल. माशा निरनिराळ्या उंचीच्या मिळतात. उंच माशी बसवली आणि काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकवून नेम धरला.

मागच्या शनिवारी उणे तीन तापमानात, वारा पडलेला असताना, पाकिटातल्या पाचही गोळ्या शंभर मीटरवर एका काड्यापेटीखाली झाकल्या गेल्या. दुर्बीण नाही, साधी खाच आणि माशी. आजोबांनी टार्गेटचा कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला, काही बोलले नाहीत.

आपल्याकडे हे असं सहज घरी करता येत नाही. शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे क्लबाच्या देखरेखीत पाहुण्याला रेंजवर झाडता येतं, मी विचारून ठेवलंय. तेव्हा ऑगस्टात ये. गणपतीच्या आधी दुकानाला आठ दिवस कुलूप लागलं तर गुजरी ओस पडत नाही. डोळे तपासून चष्मा नवा करून घे. पन्नास पुंगळ्या मी वेगळ्या डब्यात ठेवल्यात, साफ करून, मापात कापून. त्यांच्या मानेला ताव द्यायचा बाकी ठेवलाय. तो तुझ्या हातचा हवा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच