जुन्या गाडीची वही

प्रत्येक गृहस्थाच्या आयुष्यांत असा एक दिवस उगवतो कीं, त्या दिवशीं त्याला आपल्या कुटुंबाची मोजदाद माणसांच्या संख्येनें न करतां आसनांच्या संख्येनें करावी लागते. आमच्या बाबतींत तो दिवस २०१३ सालच्या उन्हाळ्यांत उगवला. मातोश्री, विधवा भगिनी व तिची कन्या, आमचीं दोन मुलें आणि आम्ही उभयतां असे सातजण साताऱ्याहून एका लग्नास निघालों. निम्मी मंडळी एस. टी.नें मुहूर्तापूर्वीं पोंचली. उरलेली निम्मी जेवणाची पहिली पंगत उठल्यावर पोंचली. त्याच रात्रीं घरांत एकमतानें ठराव झाला कीं, सातांना एकत्र नेईल असें वाहन घेतलें पाहिजे. ठराव सर्वांचा असला तरी पैसे एकट्याचे होते. तेव्हां वाहन जुनें घ्यावयाचें हें ओघानेंच आलें.

अशा कुटुंबवत्सल वाहनांचा आपल्या देशांतील इतिहास फार लांबचा नाहीं. ‘व्हॅन’ हा शब्द मध्यमवर्गीयांच्या घरोघरीं नेला तो १९८४ सालीं आलेल्या मारुती व्हॅननें. तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें चिमुकलें इंजिन पुढच्या आसनांखालीं दडविलेलें असे. दोहों बाजूंस सरकतीं दारें असत. आणि नाक म्हणून तिला नव्हतेंच. १९८८ सालीं तिला ‘ओम्नी’ हें नांव मिळालें आणि २०१९ सालीं, सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यावर, तिचें उत्पादन थांबलें. मधल्या ३५ वर्षांत तिनें शाळकरी मुलें वाहिलीं, रुग्ण वाहिले आणि भाजीच्या करंड्याही वाहिल्या. २००० सालीं टोयोटाची क्वालिस आली. २००५ सालीं तिची जागा इनोव्हानें घेतली. अशीं ऐसपैस वाहनें नवीं असतांना ऐपतवाल्यांच्या दारीं असतात, आणि उतारवयांत तीं आमच्यासारख्या पगारदारांच्या दारीं येतात. आमची गाडी याच गोत्रांतली. तिच्या निर्मात्याचें नांव मुद्दाम सांगत नाहीं. कारण पुढें जो दोष वर्णावयाचा आहे, तो त्याचा नसून आमचा आहे.

जुनी गाडी पाहावयास जाणें म्हणजे जुना कागद तपासणेंच होय. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक. त्यामुळें ही विद्या आपणांस सहज येईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत ती आम्हांस आमच्या मेस्त्रीनें शिकविली. तो म्हणाला, “सर, मीटरवर जाऊं नका. मीटर बोलतं ते मालक बोलवील तसं. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा.” पन्नास हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीच्या पेडलाचें रबर गुळगुळीत झालेलें असेल, तर मीटर खोटें बोलत आहे असें समजावें. टायरच्या कडेवर चार आंकडे उठविलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. इंजिन थंड असतांना चालू करून पाहावें. धूर निळसर असेल तर तें ऑईल खात आहे, काळा असेल तर इंधन वायां जात आहे, आणि पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही सुटत नसेल तर आंत पाणी शिरत आहे. ऑईलचें झांकण उघडून त्याच्या आंतल्या अंगास सायीसारखा थर दिसला तरीही तीच शंका घ्यावी. विक्रेत्याचें बोलणें शेवटीं ऐकावें. इतका चोख साधनविचार आमच्या वर्गांतही क्वचितच झाला असेल!

अनेक गाड्या नापास करून शेवटीं कराडास एका निवृत्त अभियंत्याच्या दारीं आम्ही पोंचलों. त्यांची गाडी २००६ सालची, चाललेली ६८,००० किलोमीटर. मेस्त्री तिच्याखालीं आडवा झाला, उठला, हात पुसले आणि नुसती मान हलविली. सौदा ठरला. किल्लीबरोबर त्या गृहस्थांनीं एक दोनशें पानी वही आमच्या हातीं ठेविली. तारीख, किलोमीटर, काम व खर्च असे चार रकाने आंखून सात वर्षांची प्रत्येक नोंद त्यांत बारीक अक्षरांत केलेली होती. ऑईल कधीं बदललें, पट्टा कधीं बदलला, कोणत्या दिव्याचा बल्ब गेला, सारें तींत होतें. ते म्हणाले, “गाडी तुम्हांला विकली. वही विकलेली नाहीं. ती पुढच्या माणसाला द्यायची.” म्हाताऱ्या माणसांस असा एखादा छंद असावयाचाच, असें मनांत म्हणत आम्हीं ती वही समोरच्या खणांत टाकिली आणि तीवर रुमाल, गोळ्यांच्या पुड्या व टोलच्या पावत्या रचल्या.

पुढचीं पांच वर्षें सुखाचीं गेलीं. पंढरपूर झालें, जेजुरी झाली, अष्टविनायक झाले. मागच्या बांकावर भेंड्या रंगत. मधल्या आसनावर मातोश्री जपमाळ ओढीत. दर दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ व चाकांखालीं लिंबें मिळत. ऑईल मात्र आठवण होईल तेव्हां मिळे. कोणी विचारलें कीं आम्ही अभिमानानें सांगत असूं, “गाडी जुनी खरी, पण भारी भरवशाची!” हा भरवसा आम्हीं कमावलेला नव्हता. पहिल्या मालकानें सात वर्षें जपून जी ठेव ठेविली होती, तिच्या व्याजावर आम्ही फिरत होतों. आणि व्याज संपून आपण मुद्दलास हात घातला आहे, हें आमच्या गांवींही नव्हतें.

मे २०१८ मध्यें चिपळुणाहून परततांना ती ठेव संपली. पोफळी मागें टाकून कुंभार्ली घाट चढूं लागलों तेव्हां दुपारचे दोन वाजले होते. गाडींत सातजण, टपावर आंब्यांच्या पेट्या. तिसऱ्या कीं चौथ्या वळणावर तापमानाचा कांटा वर गेलेला चिरंजीवांस दिसला. “बाबा, थांबूं या का?” असें त्यानें विचारलें. “घाटांत कांटा थोडा चढतोच,” असें आम्हीं अधिकारवाणीनें सांगितलें. आणखी दोन वळणांनंतर पुढून वाफेचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागीं बसली.

आम्ही उतरून घाईनें रेडिएटरचें झांकण फिरविणार, इतक्यांत मागून आलेल्या ट्रकचा चालक ओरडला, “हात लावूं नका, भाजाल!” बंद नळ्यांतील पाण्यावर दाब असतो, त्यामुळें तें शंभर अंशांपुढेंही उकळत नाहीं, झांकण उघडतांच दाब सुटतो आणि तें सारें पाणी एकदम उसळून अंगावर येतें. हें शास्त्र आम्ही कॉलेजांत शिकलों होतों; आठवण मात्र त्या ट्रकवाल्यास राहिली होती. त्यानें अर्धा तास थांबावयास लाविलें, मग खालीं वांकून पाहिलें. पाण्याची रबरी नळी लांबट चिरली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यानें ती आवळून बांधिली, आपल्या कॅनमधलें पाणी ओतलें आणि पैसे न घेतां तो निघून गेला.

तो अर्धा तास आम्ही विसरलों नाहीं. छहात्तर वर्षांच्या मातोश्री, मधुमेहानें आधींच थकलेल्या, करवंदीच्या जाळीच्या तुटपुंज्या सावलींत दगडावर बसल्या होत्या. त्यांचे ओंठ सुकले होते, आणि गाडींतलें पिण्याचें पाणी पोफळीसच संपलें होतें. त्यांच्या औषधाची पुडी काढण्यासाठीं खण उघडला, तों ती वही पायाशीं पडली. हातांस कांहीं चाळा हवा म्हणून आम्हीं ती चाळूं लागलों, आणि एका ओळीवर थबकलों: ‘पाण्याच्या सर्व रबरी नळ्या नव्या घातल्या. गाडी चालो वा न चालो, रबर वयानें मरतें. २०१५ पूर्वीं पुन्हां बदलणें.’ नोंद २०१० सालची होती. ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद वाचण्यांत घालविलीं, त्यानें आपल्या मातेस ज्या गाडींत बसविलें तिचा एकुलता एक कागद पांच वर्षें वाचला नव्हता!

साताऱ्यास आल्यावर कळलें कीं, अति तापल्यानें इंजिनाचें हेड वांकलें होतें. तें उघडून सपाट करून घ्यावें लागलें व गॅस्केट नवें घालावें लागलें. त्या दिवसापासून आम्हीं वही लिहूं लागलों. लाजेनें म्हणा, किंवा मागचें आठवून केव्हां तरी लिहूं या आशेनें म्हणा, अभियंत्यांच्या शेवटच्या नोंदीनंतर दोन पानें कोरीं सोडलीं आणि मग पहिली नोंद केली ती हेड उघडल्याची.

२०२० सालीं मातोश्री गेल्या. मुलीचें व भाचीचें लग्न झालें. सात आसनांत आम्ही तिघेचौघे बसूं लागलों, तेव्हां मागचा बांक पाहवेना. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पांच वर्षांची मुदतवाढ मिळाली होती, ती असतांनाच, २०२२ सालीं, गाडी विकावी असें ठरलें. मध्यस्थ म्हणून आलेल्या गृहस्थानें वही उघडली आणि तो खूष झाला. मग म्हणाला, “सर, वही लई कामाची. पण मधलीं पांच वर्सं मोकळीं दिसतात, अन् हें हेड उघडल्याचं पान गिऱ्हाइकाला भिववतं. तेवढं पान काढा. मोकळ्या जागेत आठदहा ओळी घाला. शाई जरा येगयेगळी वापरा, म्हंजे झालं. पंधरा हजार कुठं गेले नाहींत.”

गिऱ्हाईक होता कोरेगांवकडील एक तरुण शिक्षक. त्याच्या वडिलांना आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं साताऱ्यास आणावें लागे, आणि भाड्याच्या गाड्या त्याला परवडत नव्हत्या. गाडी भरवशाची आहे ना, एवढेंच त्यानें विचारलें होतें.

त्या रात्रीं आम्ही वही घेऊन बसलों. वाचकांपासून लपवीत नाहीं: तीन ओळी लिहिल्याही. ‘ऑगस्ट २०१४, ८१,००० कि.मी., ऑईल व फिल्टर.’ मनाची समजूत अशी घातली कीं, ऑईल त्या सुमारास बदललें असेलच. मग हें खोटें कसें? चौथ्या ओळीला मात्र अडखळलों, कारण किलोमीटरचा आंकडा मागच्याहून मोठा व पुढच्याहून लहान बसला पाहिजे म्हणून आम्ही बाजूच्या कागदावर वजाबाकी करीत होतों. खऱ्या नोंदीला वजाबाकी लागत नाहीं.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. बखरीपेक्षां त्या त्या वेळचें अस्सल पत्र श्रेष्ठ, हा त्यांचा आग्रह आम्ही दर जूनमध्यें नव्या वर्गास समजावून देतों. बखर मागाहून, स्मरणावर विसंबून लिहिलेली असते. पण म्हणून ती अप्रामाणिक ठरत नाहीं. सभासदानें आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली हें तो उघड सांगतो. आपण कोणासाठीं व केव्हां लिहिलें हें सांगणारा माणूस चुकला तरी फसवीत नाहीं. फसवितो तो मागची तारीख घातलेला कागद. आमच्या तीन ओळी बखरही नव्हत्या आणि पत्रही नव्हत्या. त्या कागदावर विसंबून एक मुलगा आपल्या आजारी बापाला दर आठवड्यास रस्त्यावर आणणार होता. कुंभार्लीच्या त्या दगडावर दुसऱ्या कोणाचें तरी माणूस बसविण्याची ती तयारी होती.

पान फाडलें नाहीं. तिन्ही ओळींवर एकेक रेघ मारली आणि खालीं लिहिलें: ‘वरील ओळी विक्रीच्या आदल्या रात्रीं लिहिल्या, ग्राह्य धरूं नयेत. २०१३ ते २०१८ नोंद नाहीं. काळजीही घेतली नाहीं.’ खालीं त्या दिवसाची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशीं त्या शिक्षकानें तें पान दोनदां वाचलें, आमच्याकडे पाहिलें आणि गाडी आपल्या मेस्त्रीकडे नेली. परत येऊन त्यानें बरोबर पंधरा हजार कमी सांगितले. आम्हीं ते मान्य केले. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या. किल्ली देतांना आम्हीं म्हटलें, “वही विकलेली नाहीं.” तो हंसून म्हणाला, “माहीत आहे सर. पहिल्या पानावरच लिहिलंय.” तें पहिलें पानही आम्हीं कधीं नीट वाचलें नव्हतें.

हल्लीं आमच्या दारांत पांच आसनांची लहान गाडी असते. तिच्या खणांत एक वही आहे, आणि तीवर रुमाल ठेवावयाचा नाहीं असा घरांत नियम आहे. परवां चाकांत हवा भरून घेतली, ती नोंद करावयाची राहून गेली. ती आज केली. तारीख मात्र आजचीच घातली.