कूलर बंद करा, टेक घ्यायचाय!

सिनेमा बघून मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना आपण सगळेच डायरेक्टर असतो. ‘सेकंड हाफ ताणलाय यार’, ‘एण्ड वेगळा हवा होता’ वगैरे. पार्किंगपर्यंत जाता जाता आपण अख्खा पिक्चर नव्याने एडिट केलेला असतो. आणि का नाही? तिकिटाचे पैसे आपलेच. पण एका माणसाला दरवाज्यातून आत येताना, खुर्चीवर बसताना आणि पाणी पिताना दाखवायचं, बस्स इतकंच, तर त्यासाठी किती घाम गाळावा लागतो हे मला परवाच्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. घाम म्हणजे अक्षरशः घाम, कारण शूटिंग होतं हदगावला!

हदगाव म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव. अर्धापूर सोडून उमरखेडकडे निघालात की लागतं. माझा चुलतभाऊ तिथलाच. इंजिनीअरिंगची दोन वर्षं झाल्यावर त्याने कॉलेज सोडलं आणि पुण्यात एका फिल्म कोर्सला नाव घातलं. तेव्हापासून काका त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. म्हणजे ‘पैसे पाठवलेत’ आणि ‘मिळाले का?’ एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आमच्याकडे राग असाच असतो, शांत आणि टिकाऊ.

तर कोर्समध्ये त्याला एक एक्सरसाइज मिळाली. दोन माणसं, एक खोली आणि त्यांच्यातली एक न बोललेली गोष्ट. वेळ पाच मिनिटं, संवाद शून्य. पठ्ठ्याने काय करावं? गोष्ट निवडली बापाने मुलाच्या फीचे पैसे मोजून देण्याची. आणि बापाच्या भूमिकेत थेट काकांनाच उभं केलं.

‘एक्सरसाइज’ हा शब्द ऐकून मला आधी हसू आलं होतं. शाळेतल्या स्वाध्यायासारखा वाटतो ना? पण सिनेमा शिकायची रीत हीच आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 साली उभ्या राहिलेल्या एफटीआयआयमध्येही मुलांना थेट पिक्चर करायला देत नाहीत. आधी कंटिन्युइटीची एक्सरसाइज, मग संवादाची, गाण्याची, आणि शेवटी डिप्लोमा फिल्म. प्रत्येक वेळी काहीतरी काढून घेतलेलं असतं. कधी संवाद, कधी वेळ, कधी लोकेशन. हातात थोडंच उरलं की डोकं चालायला लागतं, हा त्यामागचा फंडा.

उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ ही अशीच डिप्लोमा फिल्म. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने एका मुलाचं जगणं ढवळून निघतं, एवढीशी गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘वळू’ आला त्यानंतर, 2008 मध्ये. नागराज मंजुळे तर नगरला (आताचं अहिल्यानगर) कम्युनिकेशन स्टडीज शिकत होते, तेव्हा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ केली. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार. ‘फॅन्ड्री’ आणि ‘सैराट’ या पुढच्या गोष्टी. आणि 2024 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या फिल्म्सच्या विभागात पहिलं बक्षीस मिळवणारा चिदानंद नाईक? हा मूळचा डॉक्टर. एफटीआयआयच्या एका वर्षाच्या टेलिव्हिजन कोर्सच्या शेवटी केलेली त्याची सोळा मिनिटांची फिल्म चार दिवसांत शूट झाली होती. एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही, अशी ती कथा.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा फाळक्यांचा. लंडनहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेबांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू केला नाही. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभर त्याचं रोप वाढताना टिपलं. पडद्यावर ते मिनिटाभरात भराभर वाढताना बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. म्हणजे भारतीय सिनेमाच्या आधी एक प्रॅक्टिस प्रोजेक्ट होता, आणि त्यातला हीरो होता वाटाणा! (आपल्या ऑफिसात असं काही करून दाखवा बरं. ‘सर, मी महिनाभर वाटाण्यावर काम करतोय.’ बघा अप्रेझलला काय होतं ते.)

असो. हदगावला येऊ.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. त्यामुळे ‘चुका काढायची तुला सवयच आहे’ म्हणत भावाने मला कंटिन्युइटी सांभाळायला बसवलं. आधीच्या शॉटमध्ये पाण्याचा तांब्या उजवीकडे होता की डावीकडे, काकांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, हे सगळं वहीत टिपायचं. प्रत्येक टेकनंतर मोबाइलवर फोटो काढायचा. भिंतीवरचं घड्याळ तर आम्ही सेल काढूनच ठेवलं. नाहीतर काकांनी पैसे मोजायला घेतले अकराला आणि मोजून झाले तेव्हा वाजलेत सव्वा तीन!

सगळ्यात मोठं टेन्शन आजीचं. फ्रेमच्या एका कोपऱ्यात तिने भाकरी खात बसायचं होतं. टेक संपला की ती उरलेली भाकरी संपवून टाकायची आणि पुढच्या टेकला अर्धीच्या जागी नवी कोरी घेऊन बसायची. समजावून सांगितलं तर म्हणे, ‘उष्टं-पाष्टं फोटोत कशाला दाखवायलास रं?’ शेवटी चुलतीने सात भाकऱ्या थापल्या आणि सगळ्या एकाच मापाने तोडून ठेवल्या.

त्यात आवाज. खोलीत बारीकसा कूलरसुद्धा चालला तर रेकॉर्डिंग बाद. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली, कूलर बंद! शेजारपाजारचे आधी कौतुकाने दारात उभे राहिले, मग एकेक करून आपापल्या कूलरसमोर निघून गेले. काका मात्र जागचे हलले नाहीत. नऊ टेक झाले. प्रत्येक वेळी त्याच खुर्चीवर बसायचं, कमरेची थैली सोडायची, नोटा मोजायच्या, समोर ठेवायच्या. भाऊ सांगायचा, ‘अण्णा, जरा सावकाश.’ ते सावकाश मोजायचे. ‘अण्णा, कॅमेऱ्याकडं नका बघू.’ ते खाली बघायचे. दोन वर्षांत बापलेक एवढे बोलले नसतील.

सातव्या टेकला काकांनी जे केलं ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. नोटा मोजून ठेवल्या, उठायला लागले, थांबले. परत बसून थैलीत हात घातला आणि आणखी एक पाचशेची नोट काढून गड्डीखाली सरकवली. वर नाही, खाली. दिसू नये अशी. भाऊ मॉनिटरवर बघत होता. त्याने ‘कट’ म्हणायला फार वेळ लावला. मी वहीत लिहिलं, ‘टेक 7, नोट जास्त, मॅच होणार नाही.’ तरी त्याने आणखी दोन टेक घेतले, नियमाप्रमाणे, नोटेशिवाय.

शेवटी रूम टोन घ्यायचा होता. म्हणजे कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा. एडिटिंगमध्ये सांधे झाकायला तो लागतो. मिनिटभर आम्ही सगळे पुतळ्यासारखे. लांबवर ट्रॅक्टर, पत्र्यावर कबुतरांची नखं. काका लेकाकडे बघत होते. आता कॅमेरा बंद होता.

पुण्यात फिल्म बघितल्यावर त्याच्या सरांनी सांगितलं की सुरुवातीचे दोन शॉट उगाच आहेत, दारातून आत येतानाची रेषा चुकलीय, आणि आजीची भाकरी एका ठिकाणी मोठी झालीय (ती मी वहीत नोंदवली होती, एडिटरने वाचलं नाही!). सातवा टेक ठेव म्हणाले. नोट मॅच होत नसली तरी. भाऊ सध्या ते सुरुवातीचे शॉट कापतोय.

परवा रात्री काकांचा फोन आला. त्याला नाही, मला. सोयाबीनचं बोलले, पावसाचं बोलले. मग म्हणाले, ‘त्याचं पुढचं कवा हाय रे शूटिंग? सोयाबीन काढायच्या टायमाला ठेवू नको म्हणावं.’