साथीच्या दिवसांतील एक पंगत

आम्ही चिंचवडास राहतों. एका बाजूस मोरया गोसावींचें देऊळ, दुसऱ्या बाजूस भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने, आणि मधल्या वसाहतींत पोटासाठीं ठिकठिकाणांहून आलेलीं कुटुंबें, अशी ही वस्ती. आमच्या शेजारचें कुटुंब मराठी ख्रिस्ती. त्या घरचे आजोबा तरुणपणीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतून पिंपरीच्या एका कारखान्यांत नोकरीस आले व येथलेच झाले. त्यांची मंडळी मूळची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेंतील. १९७० सालीं नागपुरास ती व इतर कांहीं पंथांच्या मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें. २०२० च्या मार्चपासून दीड वर्ष या घरच्या उपासनेचें जें झालें तें आम्हीं भिंतीपलीकडून पाहिलें व ऐकलें. त्यावरून आपल्या घरांविषयींहि जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवतों.

साथ व तिचा कायदा या गोष्टी आमच्या गांवास नव्या नाहींत. प्लेग आवरण्यासाठीं १८९७ सालीं झालेला कायदाच महाराष्ट्र सरकारनें १३ मार्च २०२० रोजीं पुन्हां लागू केला. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलमानें चिडून त्याच १८९७ सालीं रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधु आमच्या चिंचवडचेच. त्या वेळीं सोजीर घरांत शिरत. या वेळीं घराबाहेर कोणींच पडावयाचें नव्हतें. कारखाने थंडावले, पाळीच्या गाड्या थांबल्या. मोरयाचें दार बंद, देहू-आळंदीचें बंद, आणि शेजाऱ्यांचें देऊळहि बंद.

५ एप्रिलला त्यांचा झावळ्यांचा रविवार होता. एरवीं त्या दिवशीं सारी मंडळी हातांत झावळ्या घेऊन गात देवळांत जाते. त्या वर्षीं आजींनीं एक झावळी दारालाच बांधली. त्याच रात्रीं नऊ वाजतां देशभर दिवे लावावयाचे होते. त्यांची पणती त्या झावळीखालीं तेवत होती. पुढच्या रविवारीं, १२ एप्रिलला, ईस्टर आला. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनीं त्या दिवशींची उपासना लंडनमधील आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरांतून चालविली. आमच्या घरांतील वडील मंडळींस त्याचें फारसें नवल वाटलें नाहीं. आपलें देवघर स्वयंपाकघरास लागूनच असतें.

प्रार्थना घरीं होऊं शकते, शास्त्राचें वाचन होतें, गाणेंहि होतें. दर रविवारीं 'उपासना संगीता'तील गीतें भिंतीपलीकडून ऐकूं येत. अडलें तें प्रभुभोजनापाशीं. त्या विधींत धर्मगुरु भाकर मोडून वांटतात आणि द्राक्षरस सर्वांस एकाच प्याल्यांतून देतात. श्रीमंत-गरीब, साहेब-कामगार, सर्वांचे ओंठ त्या एकाच कांठाला लागतात. त्यांतच त्या विधीचें मर्म आहे. आणि साथीला नेमकी तीच वाट हवी असते. इंग्लंडच्या चर्चनें मार्च २०२० मध्येंच प्याला थांबवून केवळ भाकर देण्यास सांगितलें होतें. पेल्याचा प्रश्न आपल्याहि समाजास परका नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें, म्हणजे याच अँग्लिकनांच्या ठिकाणीं, घेतलेल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें आणि टिळक व रानडे हे दोघेहि त्यांत कसे गोवले गेले, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां एकत्र पिणें हा दोष ठरला; १३० वर्षांनंतर एकत्र पितां येत नाहीं याचें दुःख आम्हीं शेजारीं पाहिलें.

शेजारच्या घरीं यावरून वाद झाला. मुलगा म्हणाला, "आई, फोनवर उपासना चालू असतांना आपण समोर पाव व द्राक्षाचा रस ठेवूं. धर्मगुरु तिकडून आशीर्वाद देतील." आजींनीं मान हलविली. त्या म्हणाल्या, "अरे, आपणच पान मांडून आपणच वाढून घेतलें तर पोट भरेल, पण पंगत होणार नाहीं. बोलावणारा दुसरा असावा लागतो, आणि शेजारीं बसणारा तिसरा. मी थांबेन."

आजींच्या या हट्टाला आधार होता. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत याचा विचार आधींच झालेला आहे. मंडळीपैकीं निदान तिघे जण सहभागी असल्याशिवाय हें भोजन करूं नये, असा त्यांत दंडक आहे. परंतु प्लेगसारख्या साथींत संसर्गाच्या भयानें कोणी येईना, तर रोग्याच्या विनंतीवरून धर्मगुरूनें एकट्यानें त्याच्यासह तें घ्यावें, अशी सवलतहि आहे. आणि जो आजारामुळें वा अन्य अडचणीमुळें तें घेऊंच शकत नाहीं, त्यानें मनापासून पश्चात्ताप व विश्वास धरला, तर मुखानें न घेतांहि त्यास तें पोंचतें, असें तेंच पुस्तक सांगतें. हें पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनीं लंडनमध्यें मोठा प्लेग झाला. ईम नांवाच्या खेड्यांत तो पोंचला तेव्हां तेथील धर्मगुरु विल्यम मॉम्पेसन यांनीं देऊळ बंद करून उघड्या दरींत, माणसें दूरदूर उभीं करून, उपासना चालविली. गांवकऱ्यांनीं स्वतःस कोंडून घेतलें. त्या साथींत मॉम्पेसन यांची पत्नीहि गेली.

१६ नोव्हेंबर २०२० रोजीं, दिवाळीच्या पाडव्यास, महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें उघडलीं. आजी-आजोबा देवळांत जाऊन आले. भाकर मिळाली, प्याला मागेंच राहिला. पुढें एप्रिल २०२१ मध्यें दुसरी लाट आली, दारें पुन्हां मिटलीं, आणि त्याच महिन्यांत आजोबा रुग्णालयांत वारले.

अशा मृत्यूनंतर देहास स्नान घालण्यास, कवटाळण्यास मनाई होती. मात्र स्पर्श न करतां शास्त्रपठण करण्यास केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या नियमांनीं परवानगी दिली होती. मुंबईंत आरंभीं सर्वांचें दहनच करावें असा हुकूम निघून तो त्याच दिवशीं बदलला गेला होता, व पुढें २२ मे २०२० रोजीं उच्च न्यायालयानेंहि दफनास मान्यता दिली होती. त्यामुळें आजोबांस त्यांच्या रीतीप्रमाणें माती मिळाली. अंत्यविधीस वीस जणांची मुभा होती; प्रत्यक्षांत सहा होते. धर्मगुरु दूर उभे राहून मोठ्यानें वाचीत होते. आजी विलगीकरणांत असल्यामुळें घरींच होत्या. त्या घटकेस त्यांनीं आपल्या खिडकींत तोच पाठ वाचला, आणि आमच्या घरांतील बायका आपल्या खिडकींत हात जोडून उभ्या राहिल्या. भाषा एकच असल्यानें शब्द न् शब्द कळत होता.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशीं, दारें उघडलीं. आजी पहिल्याच रविवारीं गेल्या. परत आल्यावर आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "बांकावर त्यांची जागा कोणीं घेतली नव्हती. मीच एकीला बोलावून बसविलें."

आमच्याहि घरांत त्या काळांत श्राद्धें फोनवरून झालीं, सत्यनारायण झाले. २०२० च्या ३० जूनला तुकोबांच्या पादुकाहि एस. टी. च्या गाडींतून पंढरीस गेल्या. वारकरी घरींच राहिले, परंतु त्यांनीं दुसरी पंढरी मांडली नाहीं. देव घरांत आहेच. तो कोणत्याहि साथींत बंद होत नाहीं. घरांत नसतो तो शेजारीं बसणारा तिसरा माणूस. सोय झाली म्हणून पूजाअर्चा कायमची फोनवर आणूं पाहणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, अडचणींत घरीं करावें तें जरूर करावें. पण अडचण सरल्यावर पंगतींत जाऊन बसावें, आणि रिकामी जागा दिसल्यास तेथें कोणास तरी बोलवावें.