खोपोलीची सहल आणि स्वस्त हॉटेल

मे महिन्याची सुटी लागली की पगारदार माणसाच्या घरी एकच विषय असतो, मुलांना कुठे न्यायचे? गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि मुंबईच्या मुलांना अशा उद्यानांचे वेड लागले. ते २०२२ साली बंद पडले. आता मुलांच्या तोंडी नाव असते खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकाचे. हे उद्यान २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झाले.

यंदा आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाचजण तेथे जाऊन आलो. त्यासाठी सौ.ने वर्षभर भिशी भरली होती. कर्जत सोडल्यावर लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी लहान स्टेशने घेत खोपोलीला थांबते. पुढे रूळच नाहीत, समोर घाटाचा डोंगर.

उद्यानाजवळचे मोठे हॉटेल आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून रस्त्यावरच्या एका स्वस्त हॉटेलात खोली घेतली. जाहिरातीत लिहिले होते, 'उद्यानाचे दृश्य, पाचजणांची प्रशस्त खोली, नाश्ता मोफत.' खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी! पलंग एक, गाद्या दोन, आणखी गादी हवी तर वेगळे पैसे. गरम पाणी सकाळी फक्त तासभर. नाश्ता मोफत, पण दोघांनाच. भिंतीवर मुलांसाठी रंगवलेल्या हत्तीची सोंड ओल येऊन गळून पडली होती.

काउंटरवर विचारले तर उत्तर आले, "एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार?" आई म्हणाली, "पोरांसमोर आवाज चढवू नको रे." पण चिरंजीवांनी हळूच विचारले, "पप्पा, आपण गरीब म्हणून ते असं बोलले का?" आम्ही म्हटले, "बाळा, त्यांनी मागितले तेवढे पैसे आपण दिले. आता कबूल केले ते देणे हे त्यांचे काम आहे." मग आवाज न चढवता जाहिरातीचा कागद पुढे ठेवला, पावती मागितली आणि तक्रारवही मागितली. वही काही आली नाही, पण गादीचे पैसे परत मिळाले आणि सकाळी पाचही जणांना नाश्ता मिळाला. ओल आणि टाकी मात्र तशीच राहिली.

उद्यानात मुले मनसोक्त खेळली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डोंगरावरून उतरणारे प्रचंड नळ दाखवले. वळवण, शिरवटा या धरणांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली येऊन टाटांच्या वीजकेंद्राची चाके फिरवते. १९१५ सालापासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हे पाहायला तिकीट लागत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, सहलीला जरूर जा. मात्र आगाऊ पैसे भरण्यापूर्वी गाद्या किती, नाश्ता किती जणांना, गरम पाणी केव्हा, हे लेखी विचारून घ्या. जाहिरात आणि पावती जपून ठेवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. खोली स्वस्त असली तरी ग्राहकाचा हक्क स्वस्त नसतो, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.