पाहुणा आणि पाण्याची पाळी

आमच्या गावाला बावन्न दरवाजे आहेत अशी ख्याती आहे. त्यांतले पुष्कळसे आता नावापुरतेच उरले आहेत, पण आकडा कमी करायला कोणी तयार नाही. मलिक अंबरने भडकल दरवाजा बांधला १६१२ साली. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराभोवती तट घातला. आणि देवगिरीचा किल्ला तर असा, की खंदक, ताशीव कडा आणि भर दुपारी हाताला हात न दिसणारी अंधारी, एवढे सगळे ओलांडल्याशिवाय वर पाय ठेवता येत नाही. तात्पर्य काय, तर न बोलावता येणाऱ्याचा बंदोबस्त करणे हा आमच्या जिल्ह्याचा जुना धंदा. पण एवढ्या बंदोबस्तात एका गोष्टीचा विचार राहून गेला. हे सगळे दरवाजे रीतीने दरवाजातून येणाऱ्यांसाठी होते. मांजराच्या चालीने येऊन भिंतीवरून टुणकन आत उतरणाऱ्यासाठी कोणी काही करून ठेवले नव्हते.

तो पहिल्यांदा गाजला डिसेंबर २०१९ मध्ये. सिडकोच्या एन-१ भागात, काळा गणपती मंदिराच्या परिसरात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींना बिबट्या दिसला. या मंडळींचा वेग एरवी तासाला दोन किलोमीटर. त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेला सगळा व्यायाम एका मिनिटात झाला म्हणतात. काही तासांच्या खटपटीनंतर वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडले आणि गावाने श्वास सोडला.

मग आला जुलै २०२४. या खेपेस उल्कानगरीत. पहाटेच्या अंधारात रस्त्यावरून शांतपणे चाललेला बिबट्या कॅमेऱ्यात आला आणि दोन-तीन दिवसांनी प्रोझोन मॉलच्या परिसरातल्या कॅमेऱ्यातही दिसला. तो एकच की दोन, यावर आमच्या कॉलनीत दोन तट पडले. मी बँकेत आहे. कॅशला नसलो की सह्या ताडून पाहणे हेच माझे काम. त्यामुळे बिबट्याच्या अंगावरचे ठिपके ही त्याची सहीच असते, दोघांची नक्षी कधी सारखी नसते, हे वाचून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. आमच्या खातेदारांच्या सह्या वर्षा-दोन वर्षांत ओळखू येईनाशा होतात. हा प्राणी जन्मभर एकच सही वागवतो! पण कॅमेऱ्यातले चित्र इतके धूसर होते, की त्यावर मी दहा रुपयांचा चेकसुद्धा पास केला नसता.

आमची कॉलनी गारखेड्याच्या बाजूला, म्हणजे उल्कानगरीपासून हाकेच्या नव्हे तरी डरकाळीच्या अंतरावर. वनखात्याची पथके आली, पिंजरे लागले, रिक्षावर भोंगा बांधून सूचना सुरू झाल्या. संध्याकाळनंतर घरातच राहा. लहान मुलांना एकटे सोडू नका. कुत्री रात्री आत घ्या. कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री-डुकरे येतात आणि त्यांच्यामागे तो येतो. बाहेर पडावेच लागले तर बॅटरी घ्या, बोलत चला, मोबाईलवर गाणी लावा. अंधारात उकिडवे बसू नका, कारण बसलेला माणूस त्याला जनावरासारखा वाटतो. दिसलाच तर पळू नका, घेरू नका, त्याला जायला वाट द्या आणि १९२६ या नंबरवर वनखात्याला कळवा.

सूचना उत्तम होत्या. एकच अडचण होती. त्या पाळायला माणसाची वृत्ती बिबट्याची हवी. बिबट्या एकटा राहतो, गर्दी टाळतो, रात्री आवाज करीत नाही. आमची कॉलनी याच्या नेमकी उलट. ‘गर्दी करू नका’ हे नीट ऐकू यावे म्हणून शंभरेक माणसे रिक्षाभोवती जमली होती.

समोरचे वकील खंडपीठात प्रॅक्टिस करतात. त्यांनी प्रकरणाची कायदेशीर बाजू मांडली. “विनापरवाना दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. पंधरा दिवस आधी आला असता तर भारतीय दंड संहितेचं कलम ४४१. पण एक जुलैपासून न्याय संहिता लागू झाली. आता कलम ३२९.”

“म्हणजे त्याला शिक्षा होईल?” शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी विचारले. शिक्षेचा विषय निघाला की त्यांना अजून उमेद येते.

“छे! त्याला कसली शिक्षा? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तो पहिल्या अनुसूचीत. त्याला तुम्ही काठी मारलीत तर आत तुम्ही जाल.”

“आणि त्यानं आम्हाला मारलं तर?”

“मग तुमच्या वारसांना नुकसानभरपाई आहे,” वकीलसाहेब धीर देत म्हणाले.

खरे सांगायचे तर हद्दीचा प्रश्न काढला असता तर बिबट्याचीच बाजू भक्कम ठरली असती. लेण्यांचा डोंगर आणि साताऱ्याचा डोंगर यांच्या मधोमध आमचे शहर. तिकडे कन्नडच्या बाजूला गौताळ्याचे अभयारण्य, अडीचशेहून अधिक चौरस किलोमीटरचे. आम्ही दर वर्षी एक नवी कॉलनी घेऊन डोंगराच्या अंगावर सरकतो आणि तिला ‘हिल व्ह्यू’ असे नाव देतो. डोंगरातून कोणी उलट बाजूने व्ह्यू घ्यायला खाली उतरला, की त्याला अतिक्रमण म्हणतो.

असो. घरातच राहायचे ठरले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मी घरातल्या जोखमीचा ताळेबंद मांडला. आई, वय शहात्तर, रोज पहाटे पाचला परडी घेऊन कॉलनीभर फुले तोडणारी. मुलगी, सकाळी सहाला क्लास. सौभाग्यवती, गच्चीवर वाळवण. मी, रात्री साडेनऊला जेवल्यावर शतपावली. या चौघांपैकी शतपावली सोडायला मी एकटा तत्काळ तयार झालो. आईने मात्र साफ सांगितले, “देवाची फुलं देवासाठी जातात. त्याला काय फुलं खायचीत?” या युक्तिवादाला वन्यजीव कायद्यातही उत्तर नाही.

पण आमच्याकडे बिबट्यापेक्षा थोर एक शक्ती आहे. तिचे नाव नळाचे पाणी. त्या दिवसांत ते कित्येक दिवसांआड यायचे आणि यायचे ते मध्यरात्रीच्या पुढे, लपतछपत, कोणाला दिसू न देता. बिबट्या नि पाणी यांचे वेळापत्रक एकच असावे असा मला संशय आहे. आमची पाळी नेमकी त्याच आठवड्यात पडली, रात्री दोनची. नळ आणि मोटार अंगणात. पाणी तासभर. ते चुकले तर पुढचा आठवडा टँकरवर.

गजर झाला तशी घरात सभा भरली.

“मी म्हणते, राहू दे आजचं पाणी,” सौभाग्यवती म्हणाली.

“मग धुणं?”

“बाबा, बाहेर जाताना गाणी लावायची असतात,” कन्येने माहिती दिली आणि माझ्या मोबाईलवर काहीतरी लावले. त्यातला गायक आधीच कोणीतरी मागे लागल्यासारखा ओरडत होता.

“गाणी कसली? ही घे,” म्हणून आईने देवघरातली घंटा माझ्या हाती दिली. आई अगदी निवांत होती. मुलगा बिबट्याच्या तोंडी जात असताना आई एवढी निवांत कशी, हे मला जरा लागलेच.

तेव्हा उजव्या हातात बॅटरी, डाव्या हातात घंटा, काखेत लाटणे, खिशात ते गाणे, अशा थाटात मी पायऱ्या उतरलो. भुरभुर पाऊस होता. गल्लीत चिटपाखरू नाही. फक्त दूरवर कुठेतरी आमच्या वॉचमनची शिट्टी वाजली, अगदी बारीक. बरे वाटले. कोणीतरी जागे आहे, बाहेर आहे आणि मी नाही, या तिन्ही गोष्टींचे बरे वाटले.

मोटारीकडे वळलो आणि जिन्याखाली दोन डोळे चमकले. जमिनीपासून हातभर उंचीवर. हिरवे.

पळू नका, असे भोंगा सांगत होता. ही एक सूचना मी तंतोतंत पाळली, कारण पाय हलतच नव्हते. घंटा मात्र आपोआप वाजू लागली. तेवढ्यात त्या डोळ्यांच्या शेजारी कोणीतरी खोकले आणि बिडीचा वास आला. बिबट्या बिडी ओढीत नाही एवढे प्राणिशास्त्र बी.कॉम.वाल्यालाही ठाऊक असते.

“साहेब, मी हाय मी. बॅटरी खाली घ्या.”

आमचे वॉचमन! सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणते. जिन्याखाली पोते अंथरून मामा बसले होते, आणि त्यांना चिकटून कॉलनीचा पिवळा कुत्रा. हा कुत्रा एरवी माझ्या स्कूटरमागे ज्या आवेशाने धावतो, तो आवेश त्या रात्री कुठे गेला होता कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहून शेपटी हलवली, ती सहा वर्षांत पहिल्यांदा.

“मामा, तुम्ही इथं काय करताय?”

“काय करावं साहेब? भोंगेवाला दिवसभर सांगू लागला, घरातच राहा, घरातच राहा. माझं घर तं फुलंब्रीला. म्हणलं, जवळ जे घावंल त्याच्या वळचणीला राहावं. बाहीर उकिडवं बसू नका म्हणले. अन् माझी नोकरीच उकिडवं बसायची.”

त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. फाटकाजवळ मोडक्या पाठीची खुर्ची होती, ती पावसात भिजत असे. मग मामा ओट्याच्या कडेला उकिडवेच बसत. रात्रभर.

“पण मामा, आत्ता लांबून शिट्टी वाजली ती?”

मामांनी खाली पाहिले. “मीच वाजवली.”

“इथून? ती तर पार कोपऱ्यावरची वाटली.”

“गमजा धरतो तोंडापुढं. एक येढा, तं जवळची. तीन येढे दिले की कोपऱ्यावरची.”

तीन रात्री आमची अख्खी कॉलनी त्या गमज्याच्या वेढ्यांवर निर्धास्त झोपली होती. हेडमास्तर तर दुपारीच मला म्हणाले होते, “मामांची गस्त हल्ली फार पद्धतशीर झाली आहे.”

“आणि हे पोतं कुठलं?”

“आजीनं दिलं. पहिल्याच राती. चहा बी देत्यात चार वाजता. मग पाचला फुलाला जातो आम्ही संगट. त्यांना सोबत, मला सोबत.”

मी वर पाहिले. आई दारात उभी होती. “अरे, त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी काय मारतोस? आणि ती घंटा थांबव, सगळे उठतील. मोटार लाव आधी, पाणी आलंय!”

मोटार लावली. तासभर मी, मामा आणि तो कुत्रा जिन्याखाली बसून होतो. मामा सांगत होते, त्यांच्या गावाकडे रात्रीची लाइट असली की शेताला पाणी द्यायला असेच अंधारात जावे लागते. पोरगा जातो. त्याच्याकडे घंटा नाही, लाटणे नाही. बॅटरी आहे, तिचा सेल जातो. “हितं एक दिसला तं केवढी धावपळ, साहेब,” मामा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानेच म्हणाले. टाकी भरून वाहू लागली तरी मला कळले नाही.

कलम ३२९ प्रमाणे तीन रात्री माझ्या हद्दीत विनापरवाना शिरलेला इसम सापडला होता. पण परवाना माझ्या आईनेच दिलेला, त्यामुळे फिर्याद कुठे करणार?

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. बँकेत आहे म्हणून खजिनदारकी माझ्याकडे. बँकवाल्याला पैसे मोजायची हौसच असते असा लोकांचा समज आहे. मी वॉचमनच्या केबिनचा विषय मांडला. हा विषय तीन वर्षे पत्रिकेवर होता आणि दर वर्षी ‘केबिनमुळे एका मोटारीची जागा जाईल’ या कारणाने पुढे ढकलला जात होता. या वर्षीही कोणीतरी म्हणाले, “केबिन दिली तर ते आत झोपतील. बाहेर राहायला हवं माणसानं.”

सभासद नसलेली माझी आई दारातूनच म्हणाली, “मग तुमच्यातलं एकेकजण रात्री त्यांच्याबरोबर बसा बाहेर. पाळी लावा. पाण्याची लावता तशी.”

सभेत एकदम शांतता पसरली. वकीलसाहेबांनी सूचक म्हणून हात वर केला आणि हेडमास्तरांनी अनुमोदन दिले. ठराव एकमताने पास झाला. मोटारीची जागा गेली ती वकीलसाहेबांचीच, हे त्यांना सही केल्यावर कळले.

आता फाटकाशी पत्र्याची का होईना, केबिन आहे. दाराला आतून कडी, वर दिवा, तीन बाजूंना खिडक्या आणि टेकून बसायला धड खुर्ची. कोपऱ्यावरची कचऱ्याची रास हलली, कारण रोज सकाळी मामाच गाडीला हाक मारतात. तो बिबट्या त्या वेळी पिंजऱ्यात काही आला नाही. जसा आला तसा कुणाला न विचारता निघून गेला. आला तर १९२६ हा नंबर केबिनच्या दारावर रंगवून घेतला आहे. रंगाचे बिल माझ्याकडे आहे.

पिवळा कुत्रा केबिनमध्ये झोपतो. सकाळी मी स्कूटर काढली की तो उठतो, आळस देतो आणि पूर्वीच्याच आवेशाने कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे धावतो.